छापा, काटा आणि चिंचोके

मैत्रिणींनो, गणित म्हटलं की तुमच्या पोटात अजून गोळा येतो का हो? माझ्या येतो. दहावीला गणितात जेमतेम पास होऊन मी जी बी.ए.ला पळाले, ती पुन्हा म्हणून त्या वाटेला गेले नाही. अर्थशास्त्र घेतलं, त्यात संख्याशास्त्राचा थोडा भाग होता. तो गाईडातली उत्तरं घोकून कसाबसा पार पाडला. लग्नानंतर जळगावहून धुळ्याला आले, संसार मांडला, दोन मुली झाल्या, आणि धाकटी शाळेत जायला लागल्यावर इथल्याच एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवू लागले. आठवड्याचे बारा तास. दुपारी एकला घरी. माझं आयुष्य अगदी सरळ चाललं होतं.

पण नशीब म्हणतात ना! ऐन जानेवारीत आमच्या गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. "दहावीची बीजगणिताची शेवटची दोनच प्रकरणं राहिली आहेत, संभाव्यता आणि सांख्यिकी. तुमचं अर्थशास्त्र ना? मग तुम्हांला जमेल." ह्या जादा तासांचे पैसे मिळणार की नाही हे त्या बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. आपल्या बायकांचं हे असंच होतं, नाही का?

त्या रात्री स्वयंपाकघर आवरून, ओट्यावरच पुस्तक उघडून बसले. हे म्हणाले, "दहावीला तू बसणार आहेस की काय?" मी काही उत्तर दिलं नाही. पहिलंच पान पाहून डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

आता तुम्हांला सांगायचं आहे ते हे की, ही दोन प्रकरणं बोर्डाच्या परीक्षेसाठी म्हणून मी शिकायला घेतली आणि ती येऊन आदळली थेट माझ्या घरात, माझ्या सासूबाईंच्या आणि माझ्या मध्ये. पण ते पुढे. आधी सोपं सांगते.

सांख्यिकीत सुरुवातीला तीन शब्द भेटतात: मध्य, मध्यक आणि बहुलक. शाळेत ही तीन भावंडं मला कायम एकसारखीच दिसायची. ह्या वेळी मी काय केलं, आमच्या इमारतीतल्या सात घरांची मे महिन्याची लाइटबिलं घेतली. (धुळ्याचा उन्हाळा तुम्हांला ठाऊक असेल, कूलरशिवाय एक घर नाही.) सोयीसाठी आकडे गोल केले: १२००, १३००, १३००, १४००, १५००, १७०० आणि वरच्या मजल्यावरच्या एका घरात तीन खोल्यांत एसी, त्यांचं ७०००. बेरीज १५,४००. सातांनी भागलं की २२००. हा झाला मध्य, म्हणजे आपण जिला सरासरी म्हणतो ती. आता गंमत बघा, बावीसशेच्या जवळपासही कोणाचं बिल नाही! सहा जणींचं त्याच्या बरंच खाली आणि एकीचं आभाळात. बिलं चढत्या क्रमाने मांडली की बरोबर मधलं येतं १४००, तो मध्यक. आणि जे सगळ्यांत जास्त वेळा येतं ते १३००, तो बहुलक. वर्गात हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मॅडम, एसीवाल्यांना काढलं तर सरासरी खाली येईल, पण मधला फारसा हलणार नाही." मी दोन रात्री ज्यासाठी घालवल्या ते त्याने एका दमात सांगितलं. तेव्हापासून वर्तमानपत्रात 'सरासरी उत्पन्न', 'सरासरी पगार' असं वाचलं की मी मनात विचारते, ह्यात एसीवाले किती?

सरासरीचा दुसरा फसवा गुण मला माझ्या भावाने शिकवला. माहेरची शेती जळगावच्या अलीकडे, पारोळा-एरंडोलच्या पट्ट्यात. कापूस. एका वर्षी जूनच्या पहिल्या पावसावर भावाने सरकी टोबली, मग पावसाने तीन आठवडे तोंड दाखवलं नाही. उगवलेलं करपलं, दुबार पेरणी झाली, बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा गेले. पुढे एकदमच असा कोसळला की बोंडं सडली. आणि वर्षाच्या शेवटी जाहीर काय झालं, तर पाऊस सरासरीइतका! भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, सरासरीला भाकरी लागत नाही."

आपलं हवामान खातं १९७१ ते २०२० ह्या पन्नास वर्षांची सरासरी धरून बोलतं. जून ते सप्टेंबर देशभराची ती सरासरी ८७ सेंटीमीटर. तिच्या ९६ ते १०४ टक्क्यांत पडला तर त्याला सर्वसाधारण पाऊस म्हणायचं. आता समजा, एका गावात चार महिन्यांत १५, २०, १५, १० सेंटीमीटर पडला आणि दुसऱ्या गावात २, ४०, ३, १५. बेरीज दोन्हीकडे ६०, महिन्याची सरासरी दोन्हीकडे १५. एका गावात लक्ष्मी, दुसऱ्यात कर्ज. म्हणून संख्याशास्त्रात नुसती सरासरी सांगून भागत नाही. आकडे तिच्यापासून किती लांब-लांब पसरलेत तेही मोजतात, त्याला प्रमाण विचलन म्हणतात. दहावीला त्याचं गणित नाही, पण मी मुलांना भावाची गोष्ट सांगितली. निम्मा वर्ग शेतकऱ्यांचाच. त्यांना समजावून द्यावं लागलं नाही.

नमुन्याचं प्रकरण मात्र आपण बायका जन्मतःच जाणतो. शितावरून भाताची परीक्षा! अख्खा भात कोणी खाऊन बघत नाही. पण आमटीचं मीठ बघायचं असेल तर आधी डाव फिरवावा लागतो. वरच्यावर चाखली तर फसगत. बाजारात भरताची वांगी घेताना तेच. (बामणोदच्या वांग्यांचं भरीत ज्यांनी खाल्लं नाही त्यांना जळगावकरांची घमेंड कळायची नाही!) पाटीत वरची वांगी हिरवीगार, तकतकीत, कोवळी, ती बघून किलोभर घ्यावी तर घरी येऊन निम्मी बियांची. वर रचलेली वांगी हा नमुना खराच, पण तो भाजीवालीने निवडलेला! नमुना कसा निवडला ह्यावर सगळं अवलंबून. तो कोणाच्या आवडीनिवडीने न निवडता, प्रत्येक वांग्याला सारखी संधी देऊन उचलला तर त्याला म्हणतात 'यादृच्छिक'. शब्द ऐकून मला आधी एखाद्या ऋषीचं नाव वाटलं होतं. हसू नका हं.

ह्याच कल्पनेवर आपल्याकडे पिकांचा अंदाज बांधला जातो हे मला नव्याने कळलं. पूर्वी गावचं पीक नजरेने ठरे. सोळा आणे म्हणजे भरघोस, आठ आणे म्हणजे निम्मं; ती आणेवारी. १९५७ साली दशमान नाणी आली आणि हळूहळू तिची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत आली की गावात टंचाई असं मानलं जाई. पण नजर कोणाची? वसूल करणाऱ्याची नजर पीक चांगलं बघते, सारा भरणाऱ्याची वाईट. १९४० नंतरच्या दशकात डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी ह्यावर उपाय रुजवला: शेतं यादृच्छिक पद्धतीने निवडायची, त्यांत ठरावीक मापाची चौकट आखायची, तेवढंच पीक कापून तोलायचं. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११ चा. पुण्यात फर्ग्युसनला शिकले, मग लंडनला. पुढे रोमला अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम बघितलं, १९७१ ला पद्मभूषण मिळालं. पोषणावर आयुष्यभर विचार करणारा माणूस.

त्यांचा एक मुद्दा तर मला इतका आवडला की ह्यांना जेवताना सांगितला. बंगालमध्ये महालनोबिसांची मंडळी फार लहान चौकटी घेऊन पीक कापत. सुखात्मे म्हणाले, चौकट जितकी लहान तितका अंदाज फुगतो. का? तर कडेवरची रोपं! रोप दोरीवर आलं की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. मुद्दाम नाही, आपसूक. मोठ्या चौकटीत कड थोडी आणि पोट मोठं, म्हणून ही चूक विरते. लहान चौकटीत कडच फार. भाजीवाली तराजूला जशी एक शेंग जास्तीची टाकते, तशी ही निसर्गाच्या तराजूला माणसाने टाकलेली शेंग! हे हसले. म्हणाले, "तुला गणित आवडायला लागलं की काय?"

आवडायला लागलं होतं खरं. पण मग संभाव्यतेचं प्रकरण आलं.

आता जरा घरातलं सांगते. सगळं उघड लिहिताना हात अडतो, पण तुमच्याशी नाही बोलायचं तर कोणाशी? माझी थोरली अकरा वर्षांची, धाकटी सात. धाकटीच्या वेळी माझ्या जिवावर बेतलं होतं. रक्तदाब चढला, रक्तस्राव थांबेना, दोन दिवस मला शुद्ध नव्हती म्हटलं तरी चालेल. जाताना डॉक्टरीणबाईंनी मला आणि ह्यांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "आता पुन्हा नको." हे आम्ही दोघांनी घरात कोणाला सांगितलं नाही. सासूबाई तेव्हा गावी होत्या, अमळनेरकडे. थोरल्या दिरांकडे एक लग्न होतं. त्यांना कशाला घाबरवायचं, असं म्हणून राहिलं ते राहिलंच.

सासूबाई माणूस लाखाचा. मला मुलीसारखं वागवतात, नातींवर जीव टाकतात. पण गेलं वर्षभर एकच पालुपद: "दोन पोरी शेतस ना, आते पोऱ्याच व्हई, देखजो." दोन मुली आहेत, आता मुलगाच होईल, बघशील. लग्नात भेटलेल्या चुलतसासूबाई म्हणाल्या, "तिसरा चुकत नाही." शेजारच्या वहिनींनी तर चार घरांची नावं सांगितली, जिथे दोन मुलींवर मुलगा झाला. (जिथे तिसरीही मुलगीच झाली त्या घरांची नावं कोणी सांगतं का? तीही वर रचलेली वांगीच!) आणि खरं सांगू? मलाही आत कुठेतरी तसंच वाटत होतं. धाकटीच्या वेळी मी मनाशी धरूनच चालले होते, थोरली मुलगी झाली म्हणजे आता मुलगा. बी.ए. झालेली मी! मी छत्तिशीत आलेय. करायचं तर आत्ताच, असंही मनात येऊन जायचं. डॉक्टरीणबाईंचे शब्द सात वर्षांत जरा पुसट झाले होते.

अशा मनाने मी वर्गात नाणं घेऊन गेले.

चाळीस मुलं. प्रत्येकाने रुपयाचं नाणं पंचवीस वेळा उडवायचं आणि आलेलं वहीत ओळीने लिहायचं. एकूण हजार वेळा. काय तो गोंधळ! बाकांखाली नाणी गडगडली, शेजारच्या वर्गाचे सर डोकावून गेले. मग एक मुलगा ओरडला, "मॅडम, माझे सात छापे लागोपाठ! आता काटा येणारच ना?" मी वर्गाला विचारलं, किती जणांना वाटतं काटा येणार? जवळजवळ सगळे हात वर. माझाही गेला असता, खडू होता म्हणून राहिला.

त्याने उडवलं. छापा!

मग आम्ही एक केलं, आणि हे मला पुस्तकाने सांगितलं नव्हतं, त्या पोरांनीच काढलं. सगळ्यांनी आपापल्या वहीत शोधायचं की सलग तीन छापे कुठे-कुठे आले, आणि त्यानंतर लगेच काय आलं. फळ्यावर खुणा केल्या. असं ११७ वेळा झालं होतं. त्यानंतर छापा आला ६० वेळा, काटा ५७ वेळा. तीन छाप्यांचा त्या नाण्यावर काही म्हणजे काही परिणाम नाही! वर्ग गप्प झाला. मी खुर्चीत बसले.

मैत्रिणींनो, इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण सगळ्या त्यांची गल्लत करतो. नाणं अजून हातात आहे, एकदाही उडवलेलं नाही. तीन वेळा उडवलं तर तिन्ही काटेच येण्याची शक्यता किती? पुस्तकात ह्याला नमुना अवकाश लिहायला सांगतात, म्हणजे काय-काय होऊ शकतं त्याची पूर्ण यादी. पहिल्या वेळी दोन शक्यता, प्रत्येकीपुढे दुसऱ्या वेळच्या दोन, त्या प्रत्येकीपुढे तिसऱ्या वेळच्या दोन, मिळून आठ. त्यांतली एकच तिन्ही काट्यांची. आठांत एक. म्हणजे तसं क्वचितच घडतं, हे आपल्याला बरोबर वाटत असतं. पण दोन काटे पडून गेले, आता तिसरं काय, हा प्रश्न अगदी निराळा. आठांतल्या सहा शक्यता केव्हाच खोट्या ठरल्या; उरल्या दोनच: काटा-काटा-छापा आणि काटा-काटा-काटा. दोन्ही सारख्या. निम्मे-निम्मे! जे घडून गेलं त्याची किंमत नाण्याने आधीच चुकवली आहे, पुढच्या वेळी त्याचा हिशेब नाही.

मग मोठ्या माणसांनी सांगितलेलं 'शेवटी सगळं सारखं होतं' हे खोटं का? नाही हो, तेही खरं. याकोब बर्नुली नावाच्या स्विस गणितज्ञाचं ह्यावरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली छापलं गेलं. नाणं पुष्कळ, पुष्कळ वेळा उडवलं तर छाप्यांचं प्रमाण निम्म्याच्या जवळ-जवळ जातं. पण कसं जातं ते बघा. वाटीभर आमटीत चिमूटभर मीठ जास्त पडलं तर तोंडात घालवत नाही. तीच चिमूट लग्नाच्या कढईत पडली तर कोणाला कळणारही नाही. मीठ कोणी काढून घेतलं नाही, कढई मोठी झाली. सुरुवातीला जास्त पडलेल्या काट्यांची भरपाई म्हणून नाणं पुढे जास्त छापे टाकत नाही. पुढच्या हजारांत ते काटे विरघळून जातात. आणि आपल्या घरात काही हजार बाळंतपणं व्हायची नसतात.

घरी येताना पांझरेच्या पुलावर मी चक्क थांबले. डोक्यात एकच. सात वर्षांपूर्वी मी 'आता मुलगा' म्हणून धरून चालले होते ते काय होतं? आणि आता तिसऱ्यासाठी जीव पणाला लावायचा तो कशाच्या भरवशावर?

नंतर मी ह्यावर वाचलं. मुलगा की मुलगी हे वडिलांकडून बाळाला एक्स गुणसूत्र मिळतं की वाय, ह्यावर ठरतं. म्हणजे आईच्या हातात त्यातलं काही नाही, मग बोल मात्र तिलाच का हो? जगभर साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे मुलाची शक्यता शंभरात एक्कावन्नाच्या आसपास. दोन मुलींनंतरही तेवढीच, चार मुलींनंतरही धरून चालायचं तर तेवढीच. आणखी एक हिशेब मी स्वतः मांडला आणि स्वतःवरच खूश झाले. समजा, ८०० घरांनी ठरवलं, मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही. पहिल्या खेपेला ४०० मुलगे, ४०० मुली. मुली झालेली ४०० घरं पुढे गेली: २०० मुलगे, २०० मुली. मग २०० घरं: १००, १००. प्रत्येक खेपेला निम्मे-निम्मेच. मग बेरीजही निम्मी-निम्मीच! इतक्या बायकांची इतकी बाळंतपणं होऊनही गावात मुलगे काही वाढले नाहीत. एवढंच झालं की ज्या घरात मुली त्या घरात खाणारी तोंडं जास्त.

तरीही आकडे बिघडतात, ते का, हे लिहायला नको पण लिहिते. निसर्गाच्या हिशेबाने हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली असायला हव्यात. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या मुलींचा आकडा २००१ च्या जनगणनेत ९१३ होता, २०११ मध्ये ८९४ झाला. आणि माझ्या जळगाव जिल्ह्याचा तर राज्याच्या सरासरीहूनही खाली. सोन्यासाठी नाव काढतात त्या जिल्ह्याचं! आपल्या राज्याने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ ला केला, केंद्राचा १९९४ ला आला. नाणं प्रामाणिकच असतं. ते पडायच्या आधी कोणी हात घातला तरच असा आकडा येतो. वर्गात मी हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा एका मुलीने तो वहीत उतरवून घेतला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

हे सगळं सासूबाईंना सांगायचं कसं? फळा-खडू घेऊन थोडंच बसणार? त्या चौथी शिकलेल्या, पण नळ-दमयंतीची गोष्ट त्यांना सगळी पाठ. एकदा मी मुद्दाम त्यातला ऋतुपर्ण राजा काढला, ज्याने रथात बसल्या-बसल्या बेहड्याच्या झाडाची पानं-फळं सांगितली, नळाने झाड तोडून मोजली तर बरोबर निघाली, आणि ज्याने नळाला फाशांची विद्या दिली. म्हटलं, आई, ती विद्या म्हणजे हीच हो. त्या म्हणाल्या, "राजाले माहित व्हतं, आपले कोठे माहित? बठ्ठं देवना हातमा शे." संपलं! पुढे काय बोलणार?

मग एका रविवारी दुपारी असं झालं. मुलींना चिंचोक्यांचा खेळ हवा होता. तुमच्याकडे काय म्हणतात कोण जाणे, अष्टचंग म्हणा, चल्लस-आठ म्हणा. फरशीवर खडूने पाच-पाच घरं आखायची, चार चिंचोके दगडावर घासून अर्धे करायचे, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. जितके पांढरे तितकी घरं. चारही पांढरे तर चार, चारही तपकिरी तर आठ. सासूबाई ह्यात वस्ताद. मी वाटाणे सोलत बाजूला बसले होते आणि डोक्यात आपोआप चाललं होतं: चार चिंचोके, प्रत्येकाच्या दोन बाजू, एकूण सोळा शक्यता. चार पडायची एकच, आठ पडायची एकच. एक पडायच्या चार, तीन पडायच्या चार, आणि दोन पडायच्या सहा. (चिंचोका दोन्ही अंगांवर सारखाच पडत असेल तर हं! घासून झालेला पांढरा भाग सपाट, पाठ फुगीर. रुपयाइतका तो भरवशाचा नाही. म्हणून आधी शंभरदा टाकून मोजावं हे उत्तम.) थोरलीला मी हळूच विचारलं, जास्त वेळा काय पडतं गं? ती सांगणार तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "दोन. त्याले काय इचारनं." साठ वर्षं टाकून-टाकून त्यांना हे ठाऊक होतं.

धाकटीला सोंगटी बाहेर काढायला चार किंवा आठ हवं होतं. पडेना. पाच डाव गेले, सहा गेले. रडकुंडीला आली आणि म्हणाली, "आजी, आता तर चार पडायलाच पाहिजे. किती वेळ नाही पडलं!"

सासूबाई हसल्या, तिचे केस सारखे केले आणि म्हणाल्या, "चिंचोकाले काय याद ऱ्हास का व माय, मांगे काय पडनं ते?"

माझे हात वाटाण्यांत तसेच राहिले. मी काही बोलले नाही. बोलायचं धाडसच झालं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि चिंचोके मुठीत धरून क्षणभर बसून राहिल्या. मग टाकले. दोन.

संध्याकाळी दूध तापायला ठेवून मी भाकरीचं पीठ मळत होते तेव्हा त्या येऊन दाराशी पाटावर बसल्या. लसणाच्या पाकळ्या सोलायला घेतल्या. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "धाकलीना टाइमले ती डॉक्टरीन काय बोलनी व्हती तुले?"

सात वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. रक्ताच्या बाटल्या, ह्यांनी केलेल्या सह्या, 'आता पुन्हा नको' हे शब्द, सगळं. त्या ऐकत होत्या आणि त्यांच्या हातातली एकच पाकळी कितीतरी वेळ सोलली जात होती. मध्येच म्हणाल्या, "आनि मी लगनमा पुऱ्या लाटी ऱ्हायनू व्हतू," आणि पदर तोंडाला लावला.

दूध उतू गेलं. आम्हां दोघींपैकी कोणीच उठलं नाही. बाहेरून धाकटी ओरडत होती, "आजी, येतेस ना? तुझा डाव आहे!"